एकतीस, बत्तीस, एकतीस

निवृत्त होताना कंपनीने मला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि एक पेन दिलं. पेन मखमली डबीत होतं. ते हातात देताना साहेब म्हणाले, "आता वेळच वेळ आहे. काहीतरी लिहा." त्या क्षणी साहेबांच्या हातात पेन होतं म्हणून ते तसं म्हणाले, नारळ असता तर "वाढवा" म्हणाले असते. पण तेहेतीस वर्षं साहेबांचं वाक्य कानावर पडलं की नोंद करून खाली सही ठोकायची सवय. मी नोंद केली.

रसायनीत निवृत्त माणसापुढे चार वाटा असतात: भजनी मंडळ, सोसायटीचं सेक्रेटरीपद, गावाकडच्या जमिनीची कोर्टकेस आणि आत्मचरित्र. माझा आवाज प्लांटमधल्या पंपांच्या वर ओरडण्यासाठी घडलेला, तो भजनाला चालेना. सेक्रेटरीच्या खुर्चीवर जे बसलेत ते दुसऱ्यांदा निवृत्त व्हायला तयार नाहीत. जमिनीचं म्हणाल तर भावाभावांत वाटणी इतकी चोख झाली की भांडायला बांधसुद्धा उरला नाही. राहिलं आत्मचरित्र.

त्यातही पंचाईत. सकाळी मोहोपाड्यात चहाच्या टपरीवर आम्ही जे जमतो, त्यात निम्मे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समधून निवृत्त झालेले. कंपनी १९६० सालची, सरकारी. तिथे होणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड इस्रोच्या रॉकेटांत जायचं. २०१७ मध्ये सरकारने इथलं बाकीचं उत्पादन बंद करायचं ठरवलं तेव्हासुद्धा तो एक प्लांट इस्रोकडे द्यायचं ठरलं. त्यामुळे टपरीवरचा जो तो, मग तो अकाउंट्समध्ये का असेना, "आम्ही रॉकेट सोडायचो तेव्हा" अशी सुरुवात करतो. पुढचं स्टेशन आपटा, तिथे तर शाहरुख खानने काजोलला चालत्या गाडीत ओढून घेतलं. आणि मी ज्या खासगी कारखान्यात तेहेतीस वर्षं काढली, तिथला माल उशांच्या अभ्र्यांना रंग चढवायला जायचा. अभ्र्यांवर आत्मचरित्र कसं उभं करायचं?

मुलगी पुण्यात असते. तिने फोनवरच निकाल लावला. "बाबा, विषय शोधत बसू नका. चॅलेंज घ्या. एकवीस दिवस, रोज एक पान, कशावरही. एकविसाव्या दिवशी सवय लागते."

मी ऑपरेटर माणूस. आकडा आला की तो कुठल्या मीटरवरून आला ते बघतो. हा निघाला मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनचा. नाक दुरुस्त करून घेतलेल्या माणसाला आरशातलं नवं नाक आपलं वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० साली एका पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांच्या तोंडी हे फिरताना आधी 'निदान' गळलं, मग नाकही गळलं, आणि नुसता आकडा जगभर हिंडत राहिला.

तरी मी तो मानला, त्याला कारण पाताळगंगा. जुलै १९८९च्या पुरात ती रिलायन्सच्या कारखान्यात शिरली होती. यंत्रांत चिखल. तो सगळा उपसून कारखाना एकवीस दिवसांत पुन्हा चालू झाला, ही कथा आमच्याकडे अजून सांगतात. सांगणाऱ्याने स्वतः उपसलेल्या चिखलाचं वजन तेवढं दरवर्षी वाढतं. म्हटलं, एकवीस दिवसांत अख्खा कारखाना उभा राहतो, तर एक निवृत्त माणूस खुर्चीवर बसू शकणार नाही?

आषाढी एकादशीचा मुहूर्त धरला. आमच्या टपरीवर एक निवृत्त मास्तर येतात. (ते रॉकेट सोडत नसत, म्हणून मला जवळचे वाटतात.) त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "आधी दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचा. लेखनक्रिया."

मला वाटलं, चित्त स्थिर करा, अहंकार सोडा, असं काही असेल. वाचलं तर भलतंच. समर्थ सांगतात अक्षर कसं वळणदार आणि सुटं हवं, ओळी कशा सरळ हव्यात, आणि मग थेट सामानाची यादी: देशोदेशीचे बोरू आणावेत, बारीक आणि सरळ बघून घ्यावेत, शाईचा साठा करावा, हिंगूळ जवळ ठेवावा. माझ्या अंगावर काटा आला. लिहिण्याच्या आधी खरेदी करायला समर्थांची परवानगी आहे! त्याच दुपारी पनवेल गाठलं. दोन जाड वह्या, काळी शाई, निळी शाई, टेबलावरचा दिवा, पाठीला लावायची उशी. साहेबांच्या पेनची रिफील मात्र तीन दुकानांत मिळाली नाही. बायकोने बिल पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यात छापून आलं असतं पुस्तक."

पहिल्या दिवसाचं पान असं: "आज आषाढी एकादशी. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस. उपास असल्यामुळे दुपारी झोप लागली." पान भरायला अजून अठरा ओळी हव्या होत्या. खिचडीवर परत गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो. यात कौतुकाचं काही नाही, तिसऱ्या पाळीची सवय शरीर सोडत नाही. टेबल खिडकीपाशी लावलेलं. समोर माणिकगड, त्यावर ढग. मी लिहिलं, "माणिकगडाने धुक्याची दुलई पांघरली होती." वाचून पाहिलं. ही दुलई महाराष्ट्रातल्या प्रत्येक डोंगराने एकदा तरी पांघरून झालेली आहे. ती खोडून 'शाल' केलं. शाल आली तसा निरोप समारंभ आठवला, समारंभातले सामोसे आठवले. ते पान सामोशांवर गेलं.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून गोडसर वास आला. लेखक असता तर त्याने डोळे मिटून घेतले असते. माझे पाय चपलांकडे वळले. तेहेतीस वर्षं वास म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे शोध. टॉर्च घेऊन, वाऱ्याची दिशा बघत, कंपाउंडच्या कडेकडेने मी वासाचा माग काढला. प्राजक्त होता. परत आलो तेव्हा उजाडलं होतं आणि वॉचमन मला विचारत होता, "काका, काही हरवलंय का?"

मास्तर रोज प्रगती विचारत आणि रोज एक उदाहरण माझ्या अंगावर सोडत. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहायला ९ फेब्रुवारी १९३३ ला घेतली आणि १३ तारखेला हातावेगळी केली. पाच दिवस! विनोबा तर आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातले, गागोद्याचे. त्यांची 'गीताई' ७ ऑक्टोबर १९३० ला सुरू झाली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपली. सातशे श्लोक, म्हणजे दिवसाला पाच-सहा. एवढ्यावर थांबतील ते मास्तर कसले. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या हेही त्यांनी ऐकवलं. मी घरी येऊन भागाकार केला. पन्नास वर्षं धरली तरी अठरा दिवसांना एक खून. माझ्या एकवीस दिवसांत त्यांचं एक प्रेत पडून, खुनी सापडून, दुसरं प्रेत पडायची वेळ झाली असती.

"गुरुजींना तुरुंग होता," मी मास्तरांना म्हणालो. "तिथे दारात कुरियरवाला येत नाही."

मास्तरांनी मला पाताळगंगेच्या काठी नेलं. "ही बघा. रोज वाहते. कंटाळा नाही, सबब नाही."

आता बाकी कुठली नदी दाखवली असती तर मी गप्प बसलो असतो. पण ही पाताळगंगा. खोपोलीला टाटांचं वीजघर आहे, १९१५ सालचं. लोणावळ्याच्या बाजूच्या तळ्यांतलं पाणी घाटावरून पाइपांनी खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि काम झालं की पाताळगंगेत सोडून देतात. उन्हाळ्यात नदीला पाणी किती, हे मुंबईला वीज किती लागली त्यावर. "मास्तर," मी म्हटलं, "ही नदी नाही वाहत, ड्युटी करते. आत्ता पावसाळा आहे म्हणून ओव्हरटाइम चाललाय."

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवशी घरी येऊन मी अख्खं पान नदीवर लिहिलं. एकवीसमधलं तेवढं एक मला आजही बरं वाटतं.

गुरुपौर्णिमेपर्यंत, म्हणजे पाच दिवस, गाडी रुळावर होती. सहाव्या दिवशी मुलीचा पुन्हा फोन. "बाबा, एकवीसचं काही खरं नाही म्हणे. लंडनच्या विद्यापीठातला २००९चा अभ्यास आहे. सवय लागायला सरासरी सहासष्ट दिवस लागतात. कुणाला अठरा, कुणाला दोनशे चोपन्न."

मी कुठल्या टोकाला आहे हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती. पण तिने पुढे एक गोष्ट सांगितली आणि तिथेच घात झाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्या अभ्यासात दिसलं होतं. लंडनच्या माणसांनी हे दिलासा म्हणून सांगितलं असेल. मी त्याचं रजेच्या नियमांत रूपांतर केलं. एकवीस दिवसांना तीन सीएल. गुरुपौर्णिमा सुट्टीच्या दिवशी काम केलं, त्याची एक सी-ऑफ. पहिल्याच दिवशी पान भरून दोन ओळी जास्त झाल्या होत्या, तो ओव्हरटाइम. हिशेब मांडायला सव्वा तास लागला. तेवढ्यात पान झालं असतं, पण रजेवर असताना काम करणं नियमात बसत नव्हतं.

रजा दहाव्या दिवशी संपल्या. अकराव्या दिवशी लिहिलं नाही. बाराव्याही नाही. तेराव्याच्या संध्याकाळी वही उघडून बसलो आणि हात आपोआप जुन्या कामाला लागला.

हे जुनं काम सांगायला हवं. प्लांटमध्ये दर तासाला राउंड मारून लॉगशीट भरायची असते: तापमान, दाब, टाकीची पातळी. पहाटे दोन, तीन, चार ही अशी वेळ की माणूस उभा असतो पण आत कुणी नसतं. अशा वेळी मी (आणि मी एकटाच नव्हे) साडेपाचला उठून मागचे तीन आकडे बसल्या जागी भरलेत. रिॲक्टरचे कधी नाही, तेवढी भीती होती. कूलिंग टॉवरच्या पाण्याचे. त्याचंही एक शास्त्र आहे. तिन्ही तासांना एकतीस लिहायचं नाही, साहेबाला संशय येतो. एकतीस, बत्तीस, एकतीस. मधला आकडा एकाने वर नेला की कागदाला जिवंतपणा येतो. पेनही मधे बदलावं. आणि आकडा चुकलाच तर गिरवायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, त्यावर सही. हे सगळं मी बायकोला आयुष्यभर फुशारकीने सांगत आलो. माणसाने घरी काय बोलावं याला काही धरबंध हवा.

तर तेराव्या दिवशी मी तीन दिवसांची लॉगशीट भरली. अकरावा दिवस निळ्या शाईने: "मन प्रसन्न होतं." बारावा काळ्या: "दिवसभर संततधार. खिडकीत बसून नुसता पाऊस बघत राहिलो. मन किंचित उदास." तेरावा पुन्हा निळ्या: "मन प्रसन्न." एकतीस, बत्तीस, एकतीस.

रात्री बायको चष्मा लावून वही वाचायला बसली. बाराव्या पानाशी थांबली. उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. १९७३ साली साळगावकरांनी ते काढलं तेव्हा तिथी आणि मुहूर्त लोकांना घरबसल्या कळावेत हा हेतू असणार. आमच्या घरी त्या चौकोनांत तिथी दिसतच नाही, वर दूध लिहिलेलं असतं. दूध, गॅस कधी लावला, भांडीवाली आली की नाही, लाइट किती वाजता गेले, इस्त्रीचे कपडे किती. आमच्या लग्नापासूनची सगळी कालनिर्णयं तिने माळ्यावर ठेवली आहेत.

"बारावा दिवस म्हणजे गुरुवार ना?" ती आतून म्हणाली. "गुरुवारी कडक ऊन होतं. मी गोधड्या धुतल्या. लिहिलंय इथे."

"थोडा वेळ पडलं असेल ऊन."

"अहो, दुसरं टोक धरून पिळल्यात तुम्हीच! उदास कधी झालात?"

त्यानंतर ऑडिट रोजचंच झालं. मी लिहायचं, तिने चौकोनाशी ताडून बघायचं. "सकाळी लांबवर फिरून आलो" या वाक्यावर तिने विचारलं, छत्री कोरडी कशी. "मित्राशी साहित्यावर चर्चा" हे वाक्य तिने टपरीवरच्या उधारीशी जुळवलं. लेखकाच्या घरात टीकाकार असावा म्हणतात. माझ्याकडे फॅक्टरी इन्स्पेक्टर होता.

एकोणिसावा दिवस दिव्यांच्या अवसेचा. बायको सकाळपासून समया, निरांजनं चिंचेने घासत बसलेली. आणि त्याच तिथीला पुरुषांच्या बोलीभाषेत दुसरं नाव आहे, ते इथे सांगायला नको. टपरीवरच्या मंडळींनी चौक गावाजवळ एका शेतघरावर बेत ठरवला होता. रॉकेटवाले सगळे येणार होते. रात्री परत आल्यावर अक्षर सरळ येईल याची खात्री नव्हती, म्हणून मी सकाळीच पान भरून ठेवलं. मागचं भरण्याचा अनुभव होता, पुढचं पहिल्यांदाच भरत होतो. हात जरा थरथरला. लिहिलं, "आज दिवसभर घरीच. दुपारी ज्ञानेश्वरी. रात्री मुगाची खिचडी, हलका आहार. दहा वाजता शांत झोप लागली."

साडेआठला घरी परतलो. दारातच आतून मुलीचा आवाज ऐकू आला. व्हिडिओ कॉल चालू होता, टेबलावर कणकेचे दिवे तेवत होते, आणि त्या दिव्यांच्या उजेडात बायको फोनपुढे माझी वही धरून मोठ्याने वाचत होती. ती नुकतीच मुगाच्या खिचडीपाशी पोचली होती. मी चपला काढल्या. माझ्याआधी माझ्या शर्टाचा तांबड्या रश्श्याचा वास आत गेला.

"हे आलेत बघ ज्ञानेश्वरी वाचून," ती फोनला म्हणाली, आणि मग घड्याळाकडे बघून मला, "बसा जरा. झोप लागायला दीड तास आहे अजून."

पलीकडे जावई हसत होता. जावयासमोर!

एकविसाव्या दिवशी एकवीस पानं भरली. त्या त्या दिवशी भरलेली नऊ, मागाहून अकरा, आगाऊ एक. मास्तरांनी पेढा मागितला, दिला. सवय लागली का, या त्यांच्या प्रश्नावर मी पेढा तोंडात टाकला.

श्रावणात बायको आठ दिवस मुलीकडे पुण्याला गेली. जाताना फ्रिजमध्ये काय आहे ते सांगितलं, गॅसचं सांगितलं, आणि शेवटी कालनिर्णयकडे बोट दाखवून म्हणाली, "दूध तेवढं लिहा रोज. हिशेब मला महिनाअखेरीला करायचाय."

याला कुणी चॅलेंज म्हटलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी पावणेसातला चौकोनात लिहिलं, "१ लि." जागा उरली म्हणून खाली, "सायीला कमी." मग आठला, "भांडीवाली नाही." सव्वादहाला लाइट गेले, ते लिहिलं, अकरा वाजून पाच मिनिटांनी आले, तेही. दुपारपर्यंत चौकोन भरला, मी समासात उतरलो. दुसऱ्या दिवशी बारीक टोकाचं पेन घेतलं. काय सांगू, बोट कसं भराभर चालत होतं! एक विशेषण नाही, दुलई नाही, मन प्रसन्न नाही. "कुकरची शिटी अडली, काढून साफ केली, पुन्हा चालू." हे वाक्य मी तीनदा वाचलं. मास्तरांना फोन करून वाचून दाखवलं.

नवव्या दिवशी ती आली. बॅग खाली ठेवली, पाणी प्यायली आणि चष्मा लावून कालनिर्णयपुढे उभी राहिली. मी मागे, हात बांधून, इन्स्पेक्शनच्या वेळी उभा राहायचो तसा. ती एकेक चौकोन वाचत होती. कुकरच्या शिटीशी हसली सुद्धा. मग बोट थांबलं.

"शुक्रवारी एक लिटर. शनिवारी दीड. रविवारी एक."

"हो."

"एकट्या माणसाला दीड लिटर कशाला लागलं?"

"ते... चहा जास्त झाला असेल."

"शनिवारी ओढ्याला पाणी होतं. दूधवाला आलाच नाही. समोरच्या वहिनींचा फोन होता मला, पावडरचा चहा केला म्हणाल्या." ती माझ्याकडे वळली. "शुक्रवार ते रविवार मास्तरांबरोबर कर्जतला होतात ना? सोमवारी बसून भरलंत तिन्ही?"

मी कूलिंग टॉवरकडे बघावं तसं फ्रिजकडे बघत राहिलो.

तिने मखमली डबी उघडून साहेबांचं पेन काढलं. रिफील ती पुण्याहून घेऊन आली होती. शुक्रवारच्या 'एक'वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'नाही' लिहिलं. शनिवारच्या 'दीड'वर रेघ, 'नाही'. रविवारी तसंच. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"करा सही," ती म्हणाली. "तिन्हीवर. तारीख घालून."